काकांचं सोडियम : फुफ्फुसाचा कॅन्सर आणि हार्मोन्सची शंभर वर्षं

२००६ सालच्या लक्ष्मीपूजनाला आमच्या काकांनी आरती सुरू केली, मध्येच थांबले आणि काकूंना विचारलं, "आपण कुणाच्या घरी आलोय?" घर त्यांचंच होतं, हॅरोचं, तीस वर्षांपूर्वी घेतलेलं. काकू म्हणाल्या, वय झालं. चुलतभावाला वाटलं, विसरण्याचा आजार सुरू झाला. मी म्हणाले, पाणी कमी पीत असतील, हीटिंगमुळे अंगातलं पाणी कमी होतं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना पाणी पाजायला सुरुवात केली. सकाळी तांब्याभर, दुपारी सरबत, संध्याकाळी ताक. पाचव्या दिवशी त्यांना नीट उभंही राहता येईना.

रक्त तपासलं तेव्हा सोडियम ११८ निघालं. ते साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. मी सव्वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. रोज शेकडो लोकांचं सोडियम मोजलं. १२० च्या खाली आकडा दिसला की आम्ही कागद छापून यायची वाट न बघता वॉर्डला फोन करायचो. आणि घरात मीच त्या माणसाच्या हातात पाण्याचे पेले देत होते.

काकूंना आकडा कळल्यावर रडू कोसळलं. ब्लडप्रेशरसाठी त्यांनीच काकांचं मीठ तोडलं होतं. पण काकांच्या अंगात मीठ कमी नव्हतं, पाणी जास्त झालं होतं. वरणात पाणी ओतलं की मीठ तेवढंच राहतं, पण वरण अळणी लागतं, तसं. किडनी पाणी बाहेर सोडायला तयार नव्हती, कारण "पाणी धरून ठेव" असा हुकूम तिला सारखा मिळत होता. हा हुकूम एरवी मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतो. काकांच्या बाबतीत तो उजव्या फुफ्फुसातून निघत होता. एक्स-रेमध्ये तिथे गाठ दिसली. काका चाळीस वर्षं सिगारेट ओढत होते, त्यामुळे कॅन्सरचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते याचं, की खोकला नाही, रक्त नाही, आणि फुफ्फुसाचा कॅन्सर आरतीच्या शब्दांवर येऊन बसला.

हा लेख लिहायला मात्र दुसरं एक निमित्त झालं, त्याच घरातलं. ते पुढे सांगते. माझ्या भाचीसाठी लिहिते आहे. ती मराठी वाचते, पण सावकाश, म्हणून वाक्यं लहान ठेवायचा प्रयत्न केला आहे.

हार्मोन हा शब्द फार जुना नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १९०२ साली दाखवलं की आतड्यातून रक्तात एक रसायन सुटतं आणि ते स्वादुपिंडाला कामाला लावतं, मज्जातंतूंची मदत न घेता. १९०५ साली स्टार्लिंगने अशा रसायनांना हार्मोन हे नाव वापरलं. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. नियम साधा वाटत होता : ठरावीक ग्रंथी पत्र लिहितात, रक्त ते पोचवतं, दूरचा अवयव ते वाचून कामाला लागतो. पिट्युटरी, थायरॉइड, ॲड्रिनल, अंडाशय, वृषण ही पत्र लिहिणारी मंडळी. फुफ्फुसाचं नाव या यादीत नव्हतं. फुफ्फुस म्हणजे भाता, हवा आत घ्यायची आणि बाहेर सोडायची, एवढंच.

१९२८ साली लॅन्सेट या इंग्लिश वैद्यकीय साप्ताहिकात ब्राऊन नावाच्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत छापली. लेखाच्या शीर्षकातच "दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह" असे शब्द होते. वाचायला जत्रेतल्या तंबूसारखं वाटतं, पण बाईचे हाल खरे होते. चेहऱ्यावर केस आलेले, साखर वाढलेली. मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा फुफ्फुसात लहान पेशींचा कॅन्सर सापडला. या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओट्सच्या दाण्यांसारख्या दिसतात, म्हणून त्या काळी त्याला ओट सेल कॅन्सर म्हणत. फुफ्फुस आणि दाढी यांचा संबंध काय, हे तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. चार वर्षांनी, १९३२ मध्ये, अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी अशाच लक्षणांचा दोष पिट्युटरीच्या छोट्या गाठींकडे आहे असं मांडलं, आणि आजाराला त्यांचं नाव पडलं. ब्राऊन यांची बाई यादीबाहेरच राहिली.

तिचं कोडं सुटलं १९६२ च्या सुमारास, अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुशिंगसारखी लक्षणं असलेल्या, पण कॅन्सर भलत्याच अवयवात असलेल्या रोग्यांच्या गाठी तपासल्या. त्या गाठींतच एसीटीएच सापडलं. हे खरं तर पिट्युटरीचं हार्मोन, ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं. म्हणजे पत्र पिट्युटरीच्या शाईने, पिट्युटरीच्या सहीने लिहिलेलं, पण पाठवणारा भलताच. ॲड्रिनलला काय कळणार? ती बिचारी हुकूम पाळत राहते. कॉर्टिसॉल वाढतं, साखर वाढते, हातपाय बारीक होतात, ॲड्रिनलमधून पुरुषी हार्मोन्सही जास्त सुटतात आणि बाईला दाढी येते.

काकांच्या सोडियमचा उलगडा मात्र त्याआधीच, १९५७ साली झाला होता. ही कथा मला जास्त आवडते, कारण तिच्यात माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसांचा वाटा आहे. सोडियम मोजणं पूर्वी फार किचकट काम होतं. एका नमुन्याला तासनतास लागत. १९४० च्या दशकाच्या अखेरीला फ्लेम फोटोमीटर हॉस्पिटलांत यायला लागला. रक्तातला पातळ भाग विरळ करून ज्योतीत फवारायचा, सोडियम असेल तितकी ज्योत पिवळी होते, तो पिवळेपणा यंत्र मोजतं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडेही एक होता. दिवाळीत भुईनळ्याचा पिवळा रंग बघितला की मला अजून तो आठवतो. या यंत्रामुळे रोज, एकाच माणसाचं, पुन्हा पुन्हा सोडियम मोजणं शक्य झालं, आणि मग विचित्र आकडे दिसायला लागले.

बॉस्टनमधले किडनीचे डॉक्टर विल्यम श्वार्ट्झ यांच्याकडे असे दोन रोगी होते. दोघांनाही फुफ्फुसाचा कॅन्सर. रक्तात सोडियम फार कमी, आणि तरीही लघवीतून सोडियम जातच होतं. किडनी ठीक, ॲड्रिनल ठीक. मीठ द्या, तेही लघवीतून निघून जाई. हे चित्र दुसऱ्या एका माणसाने आधी पाहिलं होतं, पण धडधाकट लोकांत. फ्रेडरिक बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना पाणी राखणारं हार्मोन टोचलं होतं आणि त्याच वेळी भरपूर पाणी प्यायला दिलं होतं. त्यांचंही सोडियम उतरलं, तेही लघवीतून मीठ घालवू लागले. पाणी कमी दिलं की मात्र काहीच बिघडत नसे. श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि लिहिलं की या रोग्यांच्या शरीरात हे हार्मोन बहुधा नको तेव्हा, नको तितकं सुटत आहे.

"बहुधा" हा शब्द त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आहे. रक्तातलं हे हार्मोन नीट मोजायची सोय तेव्हा नव्हती. ते मोजता येत नसताना, केवळ पाणी आणि मीठ यांच्या जमाखर्चावरून त्यांनी चोर ओळखला. पुढे १९६० च्या दशकात अशा गाठींच्या अर्कातच ते हार्मोन सापडलं. आज लहान पेशींचा कॅन्सर असलेल्या दर दहांतल्या साधारण एकाला हा त्रास होतो असं मानतात. उपाय ऐकायला सोपा आणि करायला कठीण : पाणी तोडायचं. काकांना दिवसाला एक लिटर ठरवून दिलं. काकू सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवत, चहासुद्धा त्यातूनच. ज्या माणसाला आम्ही पाच दिवस बळजबरीने पाणी पाजलं, तो आता घोटभर मागायचा आणि आम्ही नाही म्हणायचो. चार दिवसांत त्यांना घर ओळखू यायला लागलं.

केमोथेरपी सुरू झाली तशी गाठ आकसली आणि सोडियम आपोआप वर आलं. बाटलीची गरज उरली नाही. आठ महिन्यांनी ते पुन्हा उतरायला लागलं, स्कॅनमध्ये काही दिसायच्या आधी. हार्मोनची ही चोरी अशी चहाडीही करते. त्या वेळी मात्र मी आकडा बघून ओळखलं, आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

अशा चोऱ्या आणखी आहेत. १९४१ साली बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट यांनी किडनीचा कॅन्सर असलेल्या एका रोग्याचं वाढलेलं कॅल्शियम पाहून तर्क केला होता की गाठच पॅराथायरॉइडचं हार्मोन बनवत असावी. तर्क जवळजवळ बरोबर होता. हार्मोन नेमकं ते नव्हतं, त्याची चुलत बहीण होती. ती सापडायला १९८७ साल उजाडावं लागलं. मेलबर्नमध्ये जॅक मार्टिन यांच्या गटाने फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवून त्यांतून ते प्रथिन वेगळं काढलं. मग कळलं की ते केवळ कॅन्सरचं नाही. गर्भाची हाडं घडताना, आई बाळाला दूध पाजत असताना, आपल्या सगळ्यांच्या शरीरात ते काम करतं. त्याच प्रथिनाच्या तुकड्यावर बेतलेलं अबालोपॅराटाइड हे हाडांच्या ठिसूळपणावरचं इंजेक्शन २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. फुफ्फुसाच्या गाठीने जे चोरलं होतं ते असं आजींच्या मणक्यांच्या कामी आलं.

आणि बेडूक. इटलीतले एर्स्पामर हे प्राध्यापक बेडकांच्या कातडीतली रसायनं गोळा करत. बॉम्बिना नावाच्या बेडकातून त्यांना बॉम्बेसिन मिळालं. १९७८ मध्ये लंडनच्या संशोधकांना तसंच रसायन माणसाच्या गर्भाच्या फुफ्फुसात दिसलं. म्हणजे फुफ्फुस नुसता भाता नाही. त्याच्या अस्तरात हार्मोन बनवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात, जन्माच्या सुमारास जास्त, पुढे थोड्या. लहान पेशींचा कॅन्सर याच जातीच्या पेशींशी नातं सांगतो. तेव्हा "भलत्याच जागी हार्मोन" हे आपलं म्हणणं अर्धंच खरं होतं. १९८५ मध्ये अमेरिकेत कटिटा, मिना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा कॅन्सर बॉम्बेसिनसारखं रसायन सोडतो आणि तोच ते पिऊन वाढतो. स्वतःच पत्र लिहायचं, स्वतःच वाचायचं. प्रयोगशाळेत त्या रसायनाला अडवणारी प्रतिपिंडं दिली की उंदरांतल्या गाठी मंदावल्या. माणसांत मात्र त्यातून उपचार उभा राहिला नाही. त्या काळात ही बातमी आमच्या प्रयोगशाळेच्या चहाच्या टेबलावर मोठ्या उत्साहाने चघळली गेली होती, ते आठवतं.

आता त्या घरातलं दुसरं निमित्त. २०२२ साली चुलतभावाच्या बायकोला, आमच्या वहिनीला, फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या जातीचा, ॲडिनोकार्सिनोमा. तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही. पहिले दोन महिने भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच, हळू आवाजात, तोच प्रश्न विचारायचा. शेवटी भावाने लोकांना "छातीचं ऑपरेशन" एवढंच सांगायला सुरुवात केली. आणि एका रात्री भाचीने मला फोन केला. "आत्या, आईने चार वर्षं एचआरटी घेतली. मीच तिला जीपीकडे नेलं होतं. त्यामुळे झालं का?"

मी "नाही" म्हणून फोन ठेवू शकले असते. पण तिने खरं उत्तर मागितलं होतं, आणि खरं उत्तर लांब आहे.

गाठ हार्मोन बनवते ही एक बाजू झाली. गाठ हार्मोनचं ऐकते का, ही दुसरी. तिची सुरुवात स्तनाच्या कॅन्सरपासून झाली. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी मेंढ्यांच्या दुधावर अभ्यास केला होता. अंडाशय आणि स्तन यांचं काही नातं आहे हे त्यांना त्यातून जाणवलं. १८९६ साली त्यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये अंडाशय काढल्यावर गाठी वितळल्या. हार्मोन हा शब्द यायला अजून नऊ वर्षं होती! १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी हार्मोन तोडून असाच परिणाम दाखवला. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. त्याच शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला धरणारा रिसेप्टर शोधला, पेशीच्या आतली पत्रपेटीच म्हणा. आणि इथे इंग्लंडमध्ये, चेशायरच्या ऑल्डर्ली पार्कला, आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन बनवलं. गर्भ राहू नये म्हणून ते हवं होतं. त्या कामात ते नापास झालं. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून त्याचे स्तनाच्या कॅन्सरवरचे पहिले निकाल आले. त्यानंतर किती बायका त्या गोळीमुळे जगल्या याला गणती नाही.

मग फुफ्फुसात हेच का नाही? फुफ्फुस हार्मोनचं ऐकतं हे तर माहीतच होतं. ऑकलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं की वेळेआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइड दिलं की बाळाची फुफ्फुसं लवकर पक्व होतात. शिवाय एक गोष्ट डॉक्टरांना खटकत होती. सिगारेट न ओढणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर होतो तेव्हा त्यात बायका फार दिसतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काही वर्षांपूर्वी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रोग्यांची नोंद तपासली तेव्हा सुमारे निम्मे कधीही धूम्रपान न केलेले निघाले. जपानमध्ये १९८१ साली हिरायामा यांनी दाखवलं होतं की नवरा भरपूर सिगारेट ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोलाही धोका वाढतो. स्वयंपाकघरातला धूर आहे, घराखालच्या जमिनीतून येणारा रेडॉन वायू आहे, रस्त्यावरची हवा आहे. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेलाच कॅन्सरकारक ठरवलं. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नव्हता, म्हणून इस्ट्रोजेनकडे बोट गेलं.

१९९६ मध्ये स्वीडनमध्ये इस्ट्रोजेनची दुसरी पत्रपेटी सापडली, रिसेप्टर बीटा. फुफ्फुसात ती बरीच असते. पिट्सबर्गच्या जिल सिगफ्रीड आणि त्यांच्या गटाने फुफ्फुसाच्या गाठींत ती दाखवली, आणि इस्ट्रोजेनने त्या पेशी वाढतात हेही दाखवलं.

तोवर एचआरटीची मोठी पाहणी चालू झालेली होती. अमेरिकेतली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. पाळी गेलेल्या १६,६०८ बायका, काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र, काहींना नुसती बिनऔषधाची गोळी. स्तनाचा कॅन्सर आणि इतर धोके वाढलेले दिसल्यावर २००२ मध्ये हा भाग थांबवला. या देशातल्या बायकांनीही तेव्हा घाबरून गोळ्या फेकून दिल्या होत्या, काहींना आठवत असेल. २००९ मध्ये त्याच बायकांचा फुफ्फुसांपुरता हिशेब छापून आला. एकत्र हार्मोन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १०९ जणींना झाला, न घेणाऱ्यांत ८५. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच होता. पण त्या कॅन्सरने मृत्यू आले ते ७३ आणि ४०. हा फरक योगायोगाचा नव्हता. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत मात्र असं काही दिसलं नाही.

हे आकडे मी भाचीला वाचून दाखवले. त्यांचा अर्थ असा की एचआरटीने फुफ्फुसाचा कॅन्सर सुरू होतो याला पक्का पुरावा नाही. आधीच कुठे दडलेली गाठ असेल तर एकत्र गोळीने ती जोरावली असण्याची शक्यता आहे. शिवाय त्या पाहणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वहिनीने पन्नाशीत, घामाने झोप उडालेली असताना, चार वर्षं घेतली. त्या आकड्यांतून तिच्या एकटीचं उत्तर काढता येत नाही. ते कुणालाच येणार नाही. (ही गोळी चालू असलेल्या मैत्रिणींनी हा लेख वाचून ती बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावं. मी डॉक्टर नाही.)

ती म्हणाली, "मग टॅमॉक्सिफेनसारखं काही का देत नाहीत?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला होता. जिनिव्हाच्या कॅन्सर नोंदणीतून २०११ मध्ये आलेली माहिती फार आशा लावणारी होती. स्तनाच्या कॅन्सरसाठी इस्ट्रोजेन अडवणारी औषधं घेतलेल्या बायकांत पुढे फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा खूप कमी होते. उंदरांत इस्ट्रोजेन अडवणारं फुल्व्हेस्ट्रंट आणि गेफिटिनिब ही दोन औषधं एकत्र दिली तर एकेकट्यापेक्षा जास्त परिणाम होत होता. मग फ्रान्समध्ये पाळी गेलेल्या, फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या बायकांवर हेच नीट चिठ्ठ्या टाकून तपासलं. २०२० मध्ये निकाल आला. फुल्व्हेस्ट्रंट जोडल्याने काही फायदा झाला नाही. स्तनाची गाठ इस्ट्रोजेनवर जगते. फुफ्फुसाची गाठ ते ऐकते, पण त्याच्यावाचून तिचं अडत नाही. मला हे वाचून वाईट वाटलं होतं, कारण तर्क इतका देखणा होता. पण चाचणी केली म्हणून कळलं. नाहीतर आज हजारो बायका ती इंजेक्शनं उगाच टोचून घेत असत्या.

वहिनीला ज्याचा उपयोग झाला ते औषध या शोधाच्या शेजारच्या गल्लीतून आलं. पुन्हा नॅशव्हिल, पुन्हा व्हँडरबिल्ट. स्टॅनली कोहेन उंदरांच्या पिल्लांना लाळग्रंथीचा अर्क टोचत होते. पिल्लांचे डोळे ठरल्या दिवसाआधीच उघडले. दुसरा कुणी असता तर नोंद करून पुढे गेला असता. कोहेन यांनी त्या अर्कातलं नेमकं रसायन १९६२ मध्ये वेगळं काढलं. ते ईजीएफ, पेशींना "वाढा" असं सांगणारं, हार्मोनच्याच गोतावळ्यातलं, फक्त फार लांब न जाणारं. त्यांना आणि रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं. ईजीएफच्या पत्रपेटीला अडवणारं गेफिटिनिब फुफ्फुसाच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं तेव्हा बहुतेकांना काही झालं नाही, पण काहींच्या गाठी काही आठवड्यांत विरघळल्या. कोण होते हे? बायका जास्त, सिगारेट न ओढणारे जास्त, पूर्व आशियातले जास्त. सगळ्यांना वाटलं, हार्मोनच असणार. २००४ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांना खरं कारण सापडलं : त्या गाठींत पत्रपेटीच्या जनुकातच बदल झालेला होता. पत्र नसतानाही पेटी "वाढा, वाढा" ओरडत होती. हा बदल बायकांत आणि न ओढणाऱ्यांत जास्त का होतो, यात इस्ट्रोजेनचा हात आहे का, यावर वाद अजून चालू आहे.

वहिनीच्या गाठीत तो बदल होता. ऑपरेशन झालं, आणि आता ती रोज एक गोळी घेते, ओसिमर्टिनिब. हातापायांच्या नखांच्या कडा दुखतात, कातडी कोरडी पडते. त्यावर ती खोबरेल तेल लावते आणि डॉक्टरांना ते चालतं.

हार्मोनची गाठ या आजारात पुढेही पडतच राहते. केमोथेरपीत उलटी थांबवायला, मेंदूची सूज उतरवायला देतात ते डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलचंच कृत्रिम भावंड. आणि ज्या इम्युनोथेरपीसाठी ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ती कधी कधी कॅन्सरबरोबर थायरॉइड किंवा पिट्युटरीवरही घसरते. आपल्या मंडळातल्या एका गृहस्थांची गाठ तिने आटोक्यात आली, पण थायरॉइडची गोळी आता जन्माची आहे. ते म्हणतात, सौदा परवडला.

भाचीला मी हे सगळं तीन फोनमध्ये सांगितलं. शेवटी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी नेलं म्हणून झालं असं म्हणता येत नाही. आणि नाही झालं असंही नाही." मी म्हणाले, हो. तिने आईला हे सांगितलं तेव्हा मी समोर होते. वहिनी चकल्या पाडत होती. तिने सोऱ्या खाली ठेवला आणि म्हणाली, "ती चार वर्षं मी झोपले गं. ते मोज की."

गेल्या महिन्यात तिच्या रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा तिने फोटो काढून पाठवले. मी सगळ्यात आधी सोडियम पाहिलं. १४०.